हात पसरू न देणारी मोठीमाय

नोकरीच्या सुरुवातीला मी मालेगाव तालुक्यात माळमाथ्यावरच्या एका गावी होतो. तिथे एक म्हातारी होती. सगळं गाव तिला मोठीमाय म्हणायचं, मग मीही म्हणू लागलो. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते रुचलं नसतं.

१९७२ चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायला गेलेली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला तो तांबडा मिलो... त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. मोठीमायच्या कणगीत थोडी जुनी बाजरी होती. थोडीच. शाळेत कोणतं पोर उपाशी आलंय हे तिला बरोबर कळायचं. पण "ये, जेव" असं ती कधी म्हणाली नाही. "एवढ्या गोवऱ्या आत टाक रे," म्हणायची. नाहीतर शेळीला पाणी दाखवायला सांगायची. काम झालं की भाकरी आणि मिरचीची चटणी. दुसऱ्या दिवशी त्याच गोवऱ्या दुसऱ्या पोराकडून परत बाहेर! हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मलाही रोज विचारायची, "मास्तर, जेवन व्हयनं का?"

लोक तिला भोळी, प्रेमळ म्हणत. प्रेमळ होतीच, पण भोळी? मुळीच नाही. खाल्लेल्या घासाची पोराला लाज वाटू नये म्हणून हा सगळा खटाटोप होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमीसुद्धा त्याच १९७२ साली सुरू झाली, कायदा पुढे १९७७ ला झाला. तिथेही तेच, भीक नको, मागेल त्याला काम. मोठीमायने पागेसाहेबांचं नावही ऐकलं नसेल.

आता आजचं बघा. २०२० च्या टाळेबंदीत मालेगावचे यंत्रमाग बंद पडले, तेव्हा किराणा वाटायला कितीतरी लोक पुढे आले. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी चुली पेटत्या ठेवल्या. पण पिशवीगणिक फोटो! शाळांतही तेच. सात पाहुणे, एक दप्तर, आणि मधे मान खाली घातलेलं पोर. विचारलं तर म्हणतात, देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो. द्या की! पावत्या दाखवा, दप्तरांच्या ढिगाचा फोटो काढा. मुलाचा चेहरा कशाला हवा? तो फोटो संध्याकाळपर्यंत वर्गातल्या पोरांच्या घरी मोबाइलवर पोचलेला असतो. मुख्याध्यापकांनी इथे स्वच्छ नाही म्हणावं. तेवढ्याने जो दाता पाठ फिरवेल, त्याचं दप्तर नाही मिळालं तरी चालेल असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला कडक वाटेल, वाटू दे.

असो. त्या पोरांपैकी एकजण अजून बाजारात भेटतो. साठी ओलांडलीय त्याने. मोठीमायचा विषय निघाला की तिने जेवू घातलं असं तो म्हणत नाही. "मी तिच्याकडे कामाला होतो, सर," असं सांगतो.