विश्लेषण : नाताळगीतातून शब्द काढले, की काय उरते?

डिसेंबर लागला की चर्चमधील आणि शाळा-कॉलेजांतील छोटे वाद्यगट नाताळगीते, म्हणजे कॅरल, बसवू लागतात. फ्लूट, क्लॅरिनेट वाजवणारे चार-पाच जण जमतात, स्तोत्रसंग्रह उघडला जातो आणि त्यातील चार आवाजांच्या चार ओळी चार वाद्यांना वाटल्या जातात. एकही सूर चुकत नाही, तरी दुसऱ्या कडव्यापासून ऐकणाऱ्यांचे लक्ष उडते. दोष वादकांचा नसतो. गाण्यासाठी लिहिलेले संगीत जसेच्या तसे फुंकवाद्यांवर नेले, की हे होणारच.

पारंपरिक गीतात बदल करावा का?

चाल कोणत्या वाद्याने, कोणत्या सप्तकात, कोणाच्या साथीने वाजवायची हे अरेंजर ठरवतो. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी सेबॅस्टियन डिसोझा हेच काम करत. कॅरलच्या बाबतीत मात्र ‘मूळ रूपाला हात लावू नये’ असा संकोच दिसतो. तो अनाठायी आहे. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’चे शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, १७३९मधील. चाल मेंडेलसोन यांच्या १८४०च्या रचनेतील. दोहोंची सांगड विल्यम कमिंग्ज यांनी १८५५मध्ये घातली. ‘सायलेंट नाइट’ २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे पहिल्यांदा गायले गेले, ते गिटारच्या साथीने. ऑर्गन आणि मोठा गायकवृंद नंतर आला. म्हणजे रूप बदलत जाणे हीच येथील परंपरा.

वाद्यांची अडचण नेमकी कोणती?

फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न हे रूढ पंचक. हॉर्न खरे तर पितळी वाद्य. पण १९व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये अंतोन राइखा यांनी या पाच वाद्यांसाठी २४ पंचके लिहिली आणि हा संच स्थिरावला. व्हायोलिन, व्हायोला, चेलो एका कुटुंबातले. इथे प्रत्येकाचा आवाज वेगळा. सोप्रानोची ओळ आहे तशी फ्लूटला दिली, तर ती त्याच्या खालच्या, फिक्या सुरांत पडते. आल्टोची ओळ ओबोच्या खालच्या भागात येते आणि तिथे ओबो जाडसर वाजतो, हळू वाजवणे कठीण जाते. परिणामी साथ ऐकू येते, चाल हरवते. फ्लूट एक सप्तक वर नेला किंवा चाल क्लॅरिनेटकडे दिली, तर निम्मा प्रश्न सुटतो.

पट्टी कशी निवडावी?

बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली वाजतो. एफ हॉर्नवरचा त्याहून खाली, पाचव्या स्वरावर. गीत डी मेजरमध्ये ठेवले, तर क्लॅरिनेटवादकासमोर चार शार्पचा ई मेजर येतो. एफ मेजरमध्ये ठेवले, तर त्याला एकाच शार्पचा जी मेजर आणि हॉर्नला सरळ सी मेजर मिळतो. सरावाला चारच संध्याकाळी मिळणाऱ्या हौशी गटासाठी हा फरक मोठा आहे.

श्वासाचा हिशेब कसा?

गायकाला ओळ संपली की श्वास घेता येतो. फ्लूटमध्ये हवा भराभर संपते. ओबोत उलट, हवा फार कमी जाते. वादकाला छातीत साचलेली हवा आधी बाहेर टाकायला उसंत लागते. पाचही जणांनी सगळी कडवी सलग वाजवली, तर ओठ थकतात आणि सूर उतरू लागतो. म्हणून अरेंजरने सुरांइतकेच विराम लिहिले पाहिजेत.

शब्दांची जागा कशी भरायची?

खरा प्रश्न हाच. कॅरलमध्ये चाल तीच राहते आणि गोष्ट शब्द पुढे नेतात. शब्द गेले की तीच चाल चारदा ऐकावी लागते. त्यावर अनेक जण तानांचा आणि अनोळखी कॉर्डचा मारा करतात. तो उपाय नव्हे. कडवी कमी करावीत आणि प्रत्येकाचा रंग बदलावा : पहिले एकट्या क्लॅरिनेटवर, बसूनच्या लांब सुरासह, दुसऱ्यात चाल बसूनच्या वरच्या सुरांत, शेवटी पाचही एकत्र. पाचही वाद्ये आधी रोखून ठेवली, तरच हे एकत्र येणे जाणवते.

हक्कांचे काय?

जुने वाटणारे प्रत्येक गीत खुले नसते. ‘द लिटल ड्रमर बॉय’ १९४१ची रचना. ती करणाऱ्या कॅथरिन केनिकॉट डेव्हिस १९८०मध्ये निवर्तल्या. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. तेव्हा वाद्ये वाटण्याआधी साल तपासावे.

श्रोता यायचा तो ओळखीची चाल भेटावी म्हणून. ती ऐकताना त्याला मनातल्या मनात शब्द गुणगुणता आले, तर अरेंजरचे काम चोख झाले. फक्त वाद्यांची करामतच लक्षात राहिली, तर नाताळगीत बाजूलाच पडले म्हणायचे.