विश्लेषण : शाळेच्या बोधचिन्हावर अणुस्फोटाचा ढग! रिचलँडच्या माजी विद्यार्थ्यांमधला वाद नेमका काय?

शाळेच्या बोधचिन्हावर साधारणपणे काय असते? उघडे पुस्तक, तेवणारी पणती, उगवता सूर्य, कमळ आणि खाली एखादे ब्रीदवाक्य. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील रिचलँड हायस्कूलच्या बोधचिन्हावर मात्र अणुस्फोटानंतर आकाशात उठणारा मशरूमच्या आकाराचा ढग आहे. शाळेच्या क्रीडा संघांचे नाव आहे ‘बॉम्बर्स’. ‘आम्हाला या ढगाचा अभिमान आहे’ अशा अर्थाची घोषणाही तिथे रूढ आहे. हा ढग ठेवायचा की काढायचा, यावर शाळेचे माजी विद्यार्थी अनेक वर्षे भांडत आहेत. या वादाची मुळे कुठे आहेत आणि ओझर-पिंपळगाव परिसरातल्या वाचकांना तो ओळखीचा का वाटू शकतो, याविषयी.

शुभंकर म्हणजे काय?

अमेरिकेत जवळपास प्रत्येक हायस्कूलला एक शुभंकर म्हणजे मॅस्कॉट असतो. वाघ, अस्वल, गरुड, योद्धा असे काहीही. संघाचे नाव, जर्सी, व्यायामशाळेची फरशी, बॅण्ड, स्नेहमेळावा सगळीकडे तो दिसतो. शाळा सुटली तरी ओळख सुटत नाही. साठ वर्षांपूर्वी शिकलेली व्यक्तीही ‘मी अमुक संघाची’ असेच सांगते. त्यामुळे शुभंकर बदलण्याचा विषय निघाला की आजच्या विद्यार्थ्यांपेक्षा माजी विद्यार्थीच जास्त अस्वस्थ होतात.

गाव उभे कसे राहिले?

दुसऱ्या महायुद्धाआधी रिचलँड ही काही शेकडो लोकवस्तीची, फळबागांची वाडी होती. १९४३ मध्ये अमेरिकी सरकारने कोलंबिया नदीकाठचा मोठा भूभाग ताब्यात घेतला. हॅनफर्ड, व्हाइट ब्लफ्स आणि रिचलँड इथल्या शेतकऱ्यांना घरेदारे सोडावी लागली. वानापम, याकामा आदी मूळनिवासी जमातींचा त्यांच्या मासेमारीच्या आणि दफनाच्या जागांशी संबंध तुटला. अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणारा हॅनफर्ड प्रकल्प तिथे उभा राहिला. सप्टेंबर १९४४ मध्ये ‘बी रिॲक्टर’ सुरू झाला. मोठ्या प्रमाणावर प्लुटोनियम तयार करणारी ही जगातली पहिली अणुभट्टी.

कर्मचाऱ्यांसाठी सरकारने रिचलँड नव्याने वसवले. घरांच्या नकाशांना इंग्रजी अक्षरांची नावे होती, म्हणून ती आजही ‘अल्फाबेट हाउस’ म्हणून ओळखली जातात. घर, रस्ता, शाळा, दुकान सगळे सरकारी. १९५८ मध्ये रिचलँड स्वतंत्र शहर झाले, तोवर हीच स्थिती होती. आपण नेमके काय तयार करतो, हे बहुतांश कामगारांना माहीत नव्हते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमाची बातमी आली तेव्हा ते कळले.

हिरोशिमावर टाकलेला बॉम्ब युरेनियमचा होता. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर फुटलेल्या बॉम्बमध्ये सुमारे ६ किलो प्लुटोनियम होते आणि ते हॅनफर्डचे होते. त्या वर्षअखेरपर्यंत नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे दगावली. बोधचिन्हावरचा ढग आणि गाव यांचे नाते इतके थेट आहे.

‘बॉम्बर्स’ नाव आले कुठून?

वादातली पहिली गाठ इथे आहे. शाळेचे तेव्हाचे नाव कोलंबिया हायस्कूल आणि संघाचे नाव ‘बीव्हर्स’. बीव्हर हा नदीकाठी राहणारा प्राणी. १९४५ च्या सुमारास ‘बीव्हर्स’चे ‘बॉम्बर्स’ झाले. ते कशावरून, याच्या दोन कहाण्या सांगितल्या जातात.

पहिली कहाणी अणुबॉम्बची. गावाने केलेल्या कामामुळे युद्ध संपले, या भावनेतून नाव आले, असे ती सांगते.

दुसरी कहाणी विमानाची. १९४४ मध्ये हॅनफर्डच्या कामगारांनी एका दिवसाचा पगार देऊन हवाई दलासाठी बी-१७ जातीचे बॉम्बफेकी विमान घेऊन दिले. आपल्याकडे दुष्काळ किंवा पूर आला की सरकारी कर्मचारी एक दिवसाचे वेतन देतात, तसाच हा प्रकार. विमानाचे नावच ‘डेज पे’ म्हणजे ‘एका दिवसाचा पगार’ असे ठेवले गेले. ते युरोपच्या आघाडीवर लढले. ‘बॉम्बर्स’ हे नाव त्या विमानावरून आले, असे अनेक जुने विद्यार्थी ठामपणे सांगतात. शाळेच्या भिंतीवर या विमानाचे भलेमोठे चित्रही आहे.

विमानाची कहाणी अनेकांना सोयीची वाटते, कारण तिच्यात त्याग आहे आणि नागासाकी नाही. पण ती पूर्ण खरी मानली तरी एक प्रश्न उरतोच. बी-१७ विमानातून पडलेल्या बॉम्बने असा ढग उठत नव्हता. म्हणजे नावाचा बचाव विमानाच्या आधारे करता येतो, चित्राचा नाही. नाव आणि चित्र हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चर्चेत ते एकत्र होतात आणि वाद तिथेच अडकतो.

ढग हवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे काय?

त्यांचे मुद्दे साधारण तीन.

एक, युद्ध संपले. बॉम्ब पडले नसते तर जपानवर जमिनीवरून आक्रमण करावे लागले असते आणि दोन्ही बाजूंचे लाखो जीव गेले असते. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानने शरणागती जाहीर केली, ती बॉम्बमुळेच, असे ते मानतात. इतिहासकारांमध्ये यावर एकमत नाही. त्याच दिवसांत सोव्हिएत रशियानेही जपानविरुद्ध युद्ध पुकारले होते आणि शरणागतीत त्याचा वाटा मोठा होता, असे मानणारा गट आहे.

दोन, आई-वडिलांचे कष्ट. वाळूच्या वादळात, कडक गुप्ततेत, कामाविषयी घरातही चकार शब्द न काढता त्या पिढीने काम केले. चिन्ह पुसणे म्हणजे त्यांना गुन्हेगार ठरवणे, अशी मुलांची भावना आहे.

तीन, बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये. हा इतिहास आमचा आहे आणि तो लपवायचा नाही. गावात ‘प्रोटॉन लेन’ नावाचा रस्ता आहे. अणुयुगाचे नाव लावणारी दुकाने आहेत. चार वर्षे शाळेत शिकून जाणाऱ्या मुलांना हे सगळे रोजचेच वाटते. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस याच शाळेचे विद्यार्थी.

विरोध करणारेही तिथलेच

हा वाद रिचलँड विरुद्ध जपान असा नाही. ढगाला आक्षेप घेणाऱ्यांत याच शाळेत शिकलेले लोकही आहेत. त्यांचा पहिला मुद्दा नागासाकीच्या मृतांचा. मेलेल्यांत बहुतेक सामान्य नागरिक होते, मुले होती. त्यांच्यावर कोसळलेल्या क्षणाचे चित्र जर्सीवर मिरवायचे का?

दुसरा मुद्दा गावाच्या स्वतःच्या जखमेचा. हॅनफर्डमधून १९४० आणि ५० च्या दशकांत किरणोत्सारी आयोडीन हवेत सोडले गेले. १९८६ मध्ये सरकारने १९ हजार पानांची कागदपत्रे खुली केली तेव्हा आसपासच्या लोकांना त्याची व्याप्ती समजली. थायरॉइडचे विकार आणि कर्करोग झालेल्या अनेकांनी खटले भरले. प्लुटोनियमचे उत्पादन १९८७ मध्ये थांबले, पण भूमिगत १७७ टाक्यांमध्ये सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा मागे राहिला. तो निस्तरण्याचे काम आजही चालू आहे. गंमत म्हणजे गावातल्या अनेक घरांची चूल आता याच सफाईच्या नोकऱ्यांवर पेटते. बोधचिन्हातल्या ढगात यातले काहीच दिसत नाही, असे टीकाकार म्हणतात.

जपानी विद्यार्थिनीने काय केले?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस चिन्ह बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा विद्यार्थ्यांचा कौल ते ठेवण्याच्या बाजूने गेला. २०१८ मध्ये नागासाकीच्या स्फोटातून वाचलेले एक ज्येष्ठ गृहस्थ रिचलँडला आले. हे चिन्ह पाहून त्यांना वेदना झाल्या.

वादाला वेगळे वळण मिळाले ते २०१९ मध्ये. एका वर्षासाठी या शाळेत शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थिनीने शाळेच्याच विद्यार्थी वाहिनीवर छोटा व्हिडिओ केला. ती फुकुओका प्रांतातली. ९ ऑगस्टच्या बॉम्बचे पहिले लक्ष्य याच प्रांतातले कोकुरा शहर होते. त्या दिवशी कोकुरावर ढग आणि धूर होता, लक्ष्य दिसले नाही, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. ढगाळ हवेमुळे आपले घराणे वाचले, असे सांगत तिने शाळेच्या ढगाकडे बोट दाखवले. चिन्ह बदलाच, असा हट्ट तिने धरला नाही. दुसऱ्या बाजूने हे चित्र कसे दिसते ते एकदा समजून घ्या, एवढेच तिचे म्हणणे. देशभरातल्या माध्यमांनी त्याची दखल घेतली. २०२३ मध्ये आयरीन लुस्टिग यांचा ‘रिचलँड’ हा माहितीपट आला, त्यातही हा पेच दिसतो.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि त्याला आधारही आहे. मिसिसिपी विद्यापीठाच्या संघांचे नाव ‘रेबेल्स’. ते अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गुलामगिरी समर्थक दक्षिणेकडील राज्यांची आठवण देते. विद्यापीठाने २००३ मध्ये ‘कर्नल रेब’ हा शुभंकर मैदानातून काढला, नाव मात्र ठेवले. आपल्याकडे २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजी राजवटीतला क्रॉस गेला आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन आला. चिन्ह बदलले म्हणून नौदलाचा इतिहास पुसला गेला नाही.

रिचलँडमध्येही ‘बॉम्बर्स’ ठेवा, ढग काढा आणि ‘डेज पे’ विमान पुढे आणा, असा पर्याय मांडला जातो. अणुबॉम्ब प्रकल्पाच्या इतर दोन गावांकडेही बोट दाखवले जाते. लॉस अलामॉसचा संघ ‘हिलटॉपर्स’ म्हणजे टेकडीवरचे आणि ओक रिजचा ‘वाइल्डकॅट्स’. या गावांनाही आपल्या कामाचा अभिमान आहे, पण संघाला बॉम्बचे नाव देण्याची गरज त्यांना वाटली नाही.

नाशिककरांना हे ओळखीचे का?

ओझरचा एचएएल कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. पाठोपाठ वसाहत आली, शाळा आल्या. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागातल्या कित्येक घरांत त्या पगारावर मुले शिकली. मिग-२१ ने १९७१ चे युद्ध गाजवले. त्याच विमानाच्या शेकडो अपघातांमुळे त्याला ‘उडती शवपेटी’ही म्हटले गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी ते हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हा कुणाला विजय आठवला, कुणाला न परतलेला वैमानिक. दोन्ही आठवणी खऱ्याच.

मिग आणि अणुबॉम्ब यांची तुलना होऊ शकत नाही. पण कारखान्याभोवती वाढलेल्या गावाचा प्रश्न सारखाच असतो. वडिलांच्या कौशल्याचा आणि घामाचा अभिमान बाळगताना त्यांनी बनवलेल्या वस्तूने पुढे काय केले, हेही मुलांना सांगायचे का? रिचलँडच्या ढगसमर्थकांना भीती वाटते ती याचीच. दुसरी गोष्ट सांगितली तर पहिली खोटी ठरेल, असे त्यांना वाटते. ‘डेज पे’चे चित्र दाखवते की तसे होत नाही. त्यात कामगारांचा त्याग पूर्ण उतरतो आणि तो सांगायला नागासाकीच्या मृत्यूचे चित्र लागत नाही.

पुढे काय?

निर्णय लोकनियुक्त शाळा मंडळाच्या हातात आहे. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये मूळनिवासींच्या नावांच्या शुभंकरांवर निर्बंध आणणारा कायदा केला, पण अणुस्फोटाचा ढग त्याच्या कक्षेत येत नाही. विद्यार्थी दर चार वर्षांनी बदलतात, माजी विद्यार्थी मात्र गावात राहतात, मतदान करतात, देणग्या देतात. त्यामुळे मंडळावर त्यांचाच दबाव जास्त असतो. दुसरीकडे युद्ध पाहिलेली पिढी आता जवळपास उरलेली नाही. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या जपानी संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले, पण वाचलेल्यांची संख्याही दरवर्षी घटते आहे. दोन्हीकडचे साक्षीदार गेल्यावर नव्या मुलांसमोर फक्त ते चित्र राहील. त्या चित्राखाली कोणती गोष्ट सांगायची, हे रिचलँडच्या माजी विद्यार्थ्यांनाच ठरवायचे आहे.