रेस्क्यू पेनड्राइव्हचं पूर्ण लिनक्स करता येतं का? जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांनी काय लक्षात ठेवायचं?

नेरळ आणि कर्जतच्या मधलं भिवपुरी रोड हे छोटं स्टेशन. आसपास इंजिनिअरिंग कॉलेजं असल्याने कर्जत लोकलने रोज अनेक विद्यार्थी इथे उतरतात. कुणाच्या बॅगेत भावाचा जुना लॅपटॉप असतो, कुणाच्या सेकंडहँड घेतलेला.

अशा लॅपटॉपचा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ पासून गंभीर झालाय. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. सुरक्षा अपडेट्स आणखी वर्षभर मिळवायची सोय आहे, पण ती तात्पुरती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही अपात्र ठरतात. नवा घेणं परवडत नसेल, तर लिनक्स हा फुकटचा पर्याय उरतो.

अनेकांकडे लिनक्सचा रेस्क्यू पेनड्राइव्ह आधीपासून असतो. विंडोज सुरू होईना की तो लावायचा आणि फाइल्स वाचवायच्या. मग रोजचं कामही त्यावरूनच का करू नये?

रेस्क्यू पेनड्राइव्ह कसा चालतो?

त्यात संपूर्ण सिस्टिम एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते. ती फक्त वाचता येते. तुम्ही केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि मशीन बंद केलं की जातात. हा दोष नाही. कुठल्याही मशीनवर, दरवेळी कोऱ्या अवस्थेत सुरू होणं हेच त्याचं काम आहे. रोजच्या वापराला मात्र नेमकं उलटं हवं असतं. असाइनमेंट, पासवर्ड, अपडेट्स, सगळं टिकायला हवं.

मधला मार्ग आहे का?

आहे. पेनड्राइव्हवर वेगळं पार्टिशन करून बदल साठवता येतात. याला पर्सिस्टन्स म्हणतात. पण मूळ फाइल जुनीच राहते. कर्नलसारखा गाभ्याचा भाग सहसा तिथूनच सुरू होतो, म्हणून त्याची अपडेट्स लागू होत नाहीत. जुनं आणि नवं दोन्ही साठत गेल्याने जागाही लवकर भरते. पाच-सहा दिवसांसाठी ठीक, चार वर्षांच्या डिग्रीसाठी नाही.

मग पूर्ण सिस्टिम कशी करायची?

सोपा मार्ग दोन ड्राइव्हचा. पहिल्यावरून मशीन सुरू करायचं आणि दुसऱ्यावर लिनक्स इन्स्टॉल करायचं. ज्यावरून सिस्टिम चालू आहे तोच ड्राइव्ह सहसा पुसता येत नाही. शिवाय तो पुसला तर अडचणीला रेस्क्यू उरत नाही.

लिनक्स मिंटला किमान २० जीबी जागा लागते, १०० जीबी असेल तर बरं. स्वस्त पेनड्राइव्ह बारीकसारीक सतत लिहिण्यात मंद पडतो आणि लवकर झिजतो. यूएसबीला जोडलेली एसएसडी जास्त टिकते.

धोका कुठे आहे?

बूटलोडरमध्ये. सिस्टिम सुरू करणारा हा छोटा प्रोग्राम काही इन्स्टॉलर लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर टाकतात. मग बाहेरचा ड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर चालत नाही आणि तो काढला की लॅपटॉपही अडू शकतो. म्हणून नव्या ड्राइव्हवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करावं आणि शक्य असेल तर इन्स्टॉल होईपर्यंत आतली डिस्क बंद ठेवावी.

बिटलॉकर चालू असेल तर सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवावी. ती नसेल तर स्वतःच्याच फाइल्स कायमच्या बंद होऊ शकतात. लोकलच्या गर्दीत ड्राइव्ह हरवू शकतो, म्हणून इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन निवडावं आणि बॅकअप वेगळा ठेवावा.

कॉलेजचं काम होईल का?

पायथन, सी, सायलॅब लिनक्सवर छान चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत आहेत. पण ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. त्यामुळे मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांना कॉलेजच्या लॅबचा आधार घ्यावा लागेल.

म्हणून आधी अभ्यासक्रमातल्या सॉफ्टवेअरची यादी तपासा. ते लिनक्सवर चालत असेल तर दुसरा ड्राइव्ह घ्या आणि जुना रेस्क्यू पेनड्राइव्ह आहे तसाच बॅगेत राहू द्या.