बर्फाची पायली, बर्फाचे वजन

दोन घरची ज्वारी एकाच पायलीने मोजा. माप तेच भरेल, पण टपोऱ्या दाण्याची पायली जड आणि पोचट दाण्याची हलकी. कवठे येमाईकडच्या आयाबाया हे पायली उचलूनच सांगतील. शास्त्रात याला घनता म्हणतात. दक्षिण ध्रुवावर हाच हिशेब बर्फाचा मांडतात.

आपली पहिली तुकडी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून बोटीने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला त्या खंडावर उतरली. पुढे १९९८ साली गोव्यातच, वास्कोला, ध्रुवीय संशोधनाचे केंद्र झाले. तिथे शून्याखाली २० अंशांच्या खोलीत बर्फाचे दांडे जपून ठेवतात. बाहेर घामाच्या धारा, आत ध्रुवाची थंडी!

दांडे काढायचे ते आपल्या बोअरसारखेच. मात्र बरमा पोकळ असतो, म्हणून बर्फ उसाच्या कांड्यासारखा अखंड वर येतो. मग जागेवरच मोजणी. लांबीला टेप, जाडीला कॅलिपर, वजनाला बॅटरीवरचा लहान काटा. सारे एका पेटीत मावते. दांडा १० सेंटिमीटर जाड नि ५० सेंटिमीटर लांब असेल तर माप झाले सुमारे ३.९ लिटर. वजन १.५७ किलो भरले तर लिटरला ४०० ग्रॅम, म्हणजे अजून भुसभुशीत हिम. ३.६ किलो भरले तर पक्का बर्फ. खरी मेख जाडीत आहे. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली की हिशेब दोन टक्क्यांनी चुकतो. म्हणून चार-पाच ठिकाणी मोजून सरासरी धरतात. वाऱ्याने काटा हलतो, त्याला आडोसा लागतो. थंडीने बॅटरी मान टाकते, तिला कोटाच्या आत उबेला ठेवावे लागते.

एवढा खटाटोप कशाला? कडब्याच्या गंजीत खालच्या पेंढ्या दबतात, तसे वरच्या ओझ्याने खालचे हिम दबत जाते. एखाद्या साली किती हिम पडले हे नुसत्या थराच्या जाडीवरून कळत नाही, वजन हवेच. शिवाय लिटरला साधारण ८३० ग्रॅम झाले की फटी मिटतात आणि त्या काळची हवा बुडबुड्यांत कोंडली जाते.

अशा बुडबुड्यांतून आठ लाख वर्षांपर्यंतची हवा तपासली गेली आहे. कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता धरून ठेवतो. पावसाच्या भरवशावर बाजरी पेरणाऱ्याला त्याचे देणेघेणे नाही, असे मला म्हणवत नाही. कारखानदारी येईपर्यंतच्या त्या साऱ्या काळात हवेच्या दहा लाख भागांत हा वायू ३०० भागांच्या वर गेला नव्हता. आज तो ४२० च्या पुढे आहे.