खुंट्याला जू घालणं थांबवा, मुदत पोळ्यापर्यंत

नांदुरा, मलकापूर आणि खामगाव इथं बसून वजनकाट्यांसाठी लिनक्स कर्नलचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या आपल्या गटातल्या प्रत्येकाला हा जाहीर इशारा आहे. लूप संपल्यावर लूपमधला पॉइंटर वापरायचा नाही. ज्याच्या कोडमध्ये तो वापरलेला आहे, त्याने पोळ्याच्या आत तो काढावा. गेल्या वर्षभरात मी तीनदा सांगितलं. ‘चालतंय ना, मग कशाला हात लावता’ हे उत्तर यापुढे ऐकून घेणार नाही.

दावणीचंच बघा. आठ बैल बांधलेत आणि दोर फिरून पुन्हा पहिल्या खुंट्याशी आलाय. तुम्ही अंधारात चाचपडत तुमचा बैल शोधता. सापडला तर तिथेच थांबता. नाही सापडला, तर हात शेवटी खुंट्यावर येतो, आणि तुम्ही त्या खुंट्यालाच जू घालता. कर्नलमधली यादी अशीच गोल असते. लिस्ट फॉर ईच एंट्री हा मॅक्रो यादीभर फिरून हेडवर येतो, हेडच्या पत्त्यातून ठरावीक अंतर वजा करतो आणि जणू पुढचा घटक मिळाला असा पॉइंटर हातात ठेवतो. तिथे घटक नसतोच. हा पॉइंटर नलही नसतो. म्हणून लूपखाली ‘नल असेल तर परत फीर’ अशी जी ओळ तुम्ही मोठ्या विश्वासाने टाकता, ती एकदाही कामाला येत नाही.

मागच्या कापसाच्या हंगामात एका जिनिंगवर काय झालं, ते तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. काट्याखालच्या एका सेन्सरची वायर सैल झाली. ड्रायव्हरने त्याचं नाव यादीतून काढलं, पण त्याचं आधीच निघालेलं शेवटचं रीडिंग मागाहून येऊन पोहोचलं. लूपने सेन्सर शोधला, तो मिळाला नाही, आणि ते वजन हेडशेजारच्या मेमरीत लिहिलं गेलं. मशीन तिथल्या तिथे पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चार तासांनी, रात्री, भलत्याच फंक्शनमध्ये पडलं. कापूस भरलेल्या गाड्या सकाळपर्यंत फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि थंडीत शेतकरी गाडीखाली पोती अंथरून झोपले होते. तो लूप ज्या पॅचमधून आला, त्यावर तपासणारा म्हणून माझं नाव आहे. ते मला पुसता येत नाही, म्हणूनच आज एवढ्या कडक भाषेत लिहितोय.

दुसरा प्रकार याच घराण्यातला. यादीवर चालता चालता हातातला घटक काढून टाकायचा आणि पुढचा कोण हे त्यालाच विचारायचं. लिस्ट डेल हे फंक्शन काढलेल्या घटकात मुद्दाम विषारी पत्ते भरून ठेवतं. ६४ बिटच्या इंटेल मशीनवर क्रॅशच्या नोंदीत डी, ई, ए, डी या अक्षरांनी सुरू होऊन १०० वर संपणारा पत्ता दिसला, की समजायचं, कुणीतरी काढलेल्या घटकाकडून पुढची वाट विचारली. मेमरीच मोकळी केली असेल तर एवढाही पुरावा उरत नाही. यावर ‘सेफ’ वाला मॅक्रो आहे, पण त्याच्या नावावर जाऊ नका. तो पुढचा घटक आधीच धरून ठेवतो, एवढंच. लूपच्या मध्ये लॉक सोडलात आणि दुसऱ्या थ्रेडने तोच पुढचा घटक काढला, तर सेफ काहीही वाचवत नाही.

ही माझी एकट्याची सोवळं-ओवळं पाळण्याची हौस नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातला संशोधक याकोब कोशेल याने पाठवलेल्या पॅचमधून हाच दोष लायनस टोरव्हाल्ड्सच्या डोळ्यांत भरला. जुन्या सी ८९ मध्ये लूपचा पॉइंटर लूपच्या आत जाहीर करता येत नाही, तो बाहेर उरतो, आणि उरला की कुणीतरी वापरतोच. त्या चर्चेतून अख्खं कर्नल सी ११ वर नेलं गेलं. तो बदल असलेली ५.१८ ही आवृत्ती त्याच वर्षी मे महिन्यात आली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाने भाषेची आवृत्ती बदलली, आणि आपल्याला चार ओळी बदलणं जड जातंय.

दुरुस्ती सोपी आहे. फिरण्यासाठी एक पॉइंटर, सापडलेल्यासाठी दुसरा. दुसरा सुरुवातीला नल ठेवा, जुळलं की त्यात भरा आणि ब्रेक करा. लूपनंतर फक्त दुसऱ्याकडे बघा. मेक कॉक्सीचेक चालवा. लूपनंतर वापरलेला पॉइंटर पकडणारी स्क्रिप्ट कर्नलच्या झाडातच आहे. मेमरीच्या चुका पकडणारं कसान चालू ठेवून काट्याची वायर हाताने काढून बघा, एकदा नव्हे, पन्नासदा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी सहा वाजता मी मुख्य शाखा बंद करणार. ज्या मॉड्यूलमध्ये असा एकही पॉइंटर उरलेला दिसेल, ते मॉड्यूल त्याच रात्री बिल्डमधून काढलं जाईल, मग ते कुणाचंही असो, माझ्या सख्ख्या भावाचं असलं तरी. नलची खोटी तपासणी घालून दोष झाकलेला सापडला, तर त्या माणसाचे पॅच पुढचा पूर्ण हंगाम घेतले जाणार नाहीत. ज्याला जमत नसेल त्याने आजच सांगावं. घरी यावं, मी शेजारी बसून एकेक लूप बघेन, रात्रीचे दोन वाजले तरी चालतील. सहा वाजून गेल्यावर मात्र फोन करू नका.