दाराचे टेबल होताना काय पुसले जाते

जुन्या वाड्याचे दार आडवे करून, त्याला चार पाय लावून आणि वर काच टाकून केलेले जेवणाचे टेबल आज पुण्या-मुंबईतील अनेक घरांत आणि उपाहारगृहांत दिसते. पितळी फुले चकाकत असतात, लाकडाला मधाचा रंग आलेला असतो आणि विक्रेत्याच्या जाहिरातीत 'दीडशे वर्षे जुने, अस्सल बर्मा टीक, हेरिटेज पीस' असे शब्द असतात. टेबल सुंदर असते, यात शंका नाही. प्रश्न इतकाच, की जाहिरातीतील ती दीडशे वर्षे लाकडावर आता कुठे उरली आहेत?

जुने लाकूडसामान स्वस्तात घ्यायचे, घासूनपुसून नवे करायचे आणि चढ्या भावाने विकायचे, हा व्यवसाय सध्या तरुणांत लोकप्रिय आहे. त्यावर नाके मुरडणारे इतिहासप्रेमीही पुष्कळ आहेत. या थ्रेडची भूमिका दोघांनाही थोडी गैरसोयीची आहे: जुन्या वस्तूचा पुनर्वापर हा गुन्हा नाही, पण तिचा पुरावा पुसून वर तिचेच वय विकणे ही अप्रामाणिकता आहे.

प्रथम पुनर्वापराविषयी. इमारती लाकूड आपल्याकडे कधीच स्वस्त नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या सागाची तोड परवानगीने करावी आणि आंबा, फणस यांना मालकाच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असा स्पष्ट दंडक आहे. ज्या समाजात झाड तोडण्यापूर्वी इतका विचार होत असे, त्या समाजात पडलेल्या घराची तुळई वाया जाणे शक्यच नव्हते. एका वाड्याचे खांब दुसऱ्याला लागत, मोडक्या मंचकाचा पाट होई, फडताळाच्या फळ्या माळ्यावर चढत. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात उभा असलेला मस्तानी महालदेखील कोथरूडच्या मूळ वास्तूचे अवशेष आणून पुन्हा जुळवलेला आहे. लाकडाने जागा बदलणे ही नवी गोष्ट नव्हे.

मग एवढे लाकूड एकदम बाजारात आले कोठून? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. वाड्याच्या एका खणाचे भाडे काही रुपयांवर अडकले आणि कौले शाकारण्याचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू जागा सोडीना. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटली, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे एका दिवसात गेले. उरलेल्यांच्या जागी पुढे इमारती आल्या. सुरूचे खांब, गणेशपट्ट्या, दिंडी दरवाजे आणि कोरीव महिरपी जुन्या लाकडाच्या वखारींत पोहोचल्या, तेथून पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात. हे सामान कोणी पळवून आणले नाही. आपणच ते घराबाहेर काढले.

आता कारखान्यात दाराचे काय होते ते पाहावे. कॉस्टिक सोड्याने रंगाचे थर उतरवतात. पितळी फुले उपटून चकचकीत करतात. यंत्राने घासून वरचा पापुद्रा काढतात. भोके आणि चिरा लांबी भरून बुजवतात, वाकलेली कड कापून सरळ करतात आणि शेवटी पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर देतात. चार दिवसांत दार 'स्वच्छ' होते.

पण तो पापुद्रा म्हणजेच दस्तऐवज होता. आतल्या बाजूचा आडवा झिजलेला पट्टा अडसर कोठे सरकत असे ते सांगतो. कडीखालचा अर्धवर्तुळाकार चरा ती किती वर्षे वाजत राहिली ते सांगतो. दिव्याच्या काजळीचा डाग, चुन्याचे शिंतोडे, एकावर एक बसलेले रंग यांवरून घराचे बरे-वाईट दिवस वाचता येतात. फळीच्या मागे दोघांनी ओढलेल्या मोठ्या करवतीच्या खुणा सरळ, पण कमी-अधिक अंतराच्या असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. लोहाराने घडवलेला खिळा आणि कारखान्यातला खिळा यांतील फरक नवख्यालाही कळतो. कागदावर तारीख नसलेल्या वस्तूचा काळ याच गोष्टींवरून ठरतो.

अशा क्षुल्लक खुणांचे वजन किती असते, हे अमेरिकेतील एका खुर्चीने दाखवून दिले आहे. सतराव्या शतकातील प्लिमथ वसाहतीचे धुरीण विल्यम ब्रूस्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'ब्रूस्टर खुर्च्या' अत्यंत दुर्मीळ आहेत. १९६९ मध्ये आर्मांड लामोंटेन या ऱ्होड आयलंडच्या शिल्पकाराने तशीच एक खुर्ची मुद्दाम तयार केली. तज्ज्ञांना तज्ज्ञता कितपत कळते, हेच त्याला पाहायचे होते. लाकूड त्याने कृत्रिमरीत्या जुने केले आणि खुर्ची हळूच बाजारात सोडली. ती फिरत फिरत मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयाकडे गेली. संग्रहालयाने ती ९,००० डॉलर देऊन घेतली. १९७७ मध्ये बिंग फुटले. क्ष-किरणांत दिसले, की दांड्या बसवण्याची भोके आधुनिक गिरमिटाची आहेत. वरून सारे काही सतराव्या शतकाचे होते. भोकाचा तळ तेवढा विसाव्या शतकाचा निघाला. संग्रहालयाने ती खुर्ची फेकून दिली नाही, बनावट कशी ओळखावी हे शिकवण्यासाठी ठेवून घेतली.

एखाद्या भोकाचा तळ एवढे बोलू शकत असेल, तर लांबी भरून ती सारी भोके बुजवणारा माणूस नेमके काय करतो आहे, याचा विचार व्हायला हवा. लामोंटेनने नव्याला जुने केले. आपले विक्रेते जुन्याला इतके नवे करतात, की ते जुने असल्याचे सिद्ध करणेच अशक्य होते. दोन्ही वाटांनी गिऱ्हाइकाच्या हाती फक्त विक्रेत्याचा शब्द उरतो.

सागाच्या बाबतीत हे नुकसान अधिकच लागते. उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षांत वर्षावर्षाची वलये स्पष्ट उमटत नाहीत. साग हा मोजक्या अपवादांपैकी एक. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत सागाच्या वलयांवरून गतकाळातील पावसाचा अभ्यास झालेला आहे. कमी पावसाचे वर्ष अरुंद वलयात नोंदले जाते. जुन्या तुळईच्या कडेला सालीलगतचे फिके लाकूड राहिले असेल, तर झाड केव्हा तोडले याच्या बरेच जवळ जाता येते. सुतार कड 'सरळ' करतो तेव्हा सर्वांत आधी तेच लाकूड भुशात जाते.

आणि तो 'बर्मा टीक' हा शिक्का! त्यामागे केवढे राजकारण आहे, याची जाहिरातीला गंधवार्ताही नसते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातील सागाचा व्यापार करीत असे. हक्काहून अधिक ओंडके नेल्याच्या आरोपावरून राजा थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड केला. तोच वाद १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. राज्य खालसा झाले आणि थिबाची रवानगी अखेर आपल्या रत्नागिरीत झाली. १९१६ मध्ये तो तेथेच वारला. थिबा पॅलेस आजही उभा आहे. म्हणून दार खरोखरच ब्रह्मी सागाचे असेल, तर ते नेमके कधीचे हा प्रश्न किरकोळ नाही. ते १८८५ च्या आधीचे की नंतरचे, म्हणजे स्वतंत्र राज्याशी झालेल्या व्यापाराचे की जिंकलेल्या मुलखातल्या तोडीचे, एवढे अंतर त्या एका तारखेत असू शकते. शिवाय घाटातल्या जंगलांचा साग लावलेली दारेही 'बर्मा' म्हणून खपतात, कारण त्या शब्दाने भाव चढतो.

जाहिरात करणाऱ्यांनी एक कायदाही वाचावा. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि इमारतीपासून सुटा केलेला भागही त्या व्याख्येत येतो. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवताही येत नाही. म्हणजे 'दीडशे वर्षे जुने कोरीव दार' ही जाहिरात खरी असेल, तर परवाना दाखवावा लागेल. परवाना नसेल, तर निदान वय तरी खोटे असावे अशी विक्रेत्याने आशा करायची!

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे विक्रेते नसते, तर दार बंबात गेले असते. खरे आहे. आणि संग्रहालयाचे नाव घेऊन धंद्याला हिणवणाऱ्यांनी दिनकर केळकरांची आठवण ठेवावी. लोक ज्याला अडगळ समजत, ती भांडी, दिवे, अडकित्ते, दारे आणि झरोके ते १९२० च्या सुमारापासून गोळा करत राहिले आणि १९७५ मध्ये हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडगळीला गिऱ्हाईक असणे ही संस्कृतीची हानी नाही. पॉलिश करणारा कारागीरही शत्रू नव्हे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवणे हे मोठे कसब आहे. युरोपने त्याला 'फ्रेंच पॉलिश' म्हटले, तरी लाख प्रामुख्याने आपल्याच जंगलांतून जात असे.

या लाखेत एक व्यवहार्य उत्तरही आहे. लाखेचा लेप स्पिरिटने पुन्हा उतरवता येतो; पॉलियुरेथेनचा थर खरवडूनच काढावा लागतो. जे करावे ते पुढे कोणाला तरी उलटवता यावे, हे जतनशास्त्राचे मूळ सूत्र रंधा हातात घेणाऱ्यालाही पाळता येते. दर्शनी बाजू हवी तेवढी उजळा, मागची बाजू मात्र घासू नका. कामाला हात लावण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे घ्या. काढलेले खिळे पिशवीत घालून वस्तूबरोबर द्या. आणि टेबलाच्या पोटाशी एक चिठ्ठी चिकटवा: दार कोणत्या गावातून, कोणत्या वखारीतून आले, कोणते भाग मूळचे, कोणते नवे, रंग कशाने उतरवला, लेप कसला दिला. याला पंधरा मिनिटे आणि एक कागद लागतो. एवढ्याने विक्री बुडेल असे म्हणणारा विक्रेता वस्तूच्या जुनेपणावर नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर धंदा करतो आहे.

गिऱ्हाइकानेही काच उचलायला सांगावी, टेबल कलते करून खालून पाहावे. करवतीच्या खुणा, अडसराचा पट्टा, एखादा घडीव खिळा, काजळी यांपैकी काही दिसले, तर भाव करायला हरकत नाही. खालची बाजूही वरच्याइतकीच गुळगुळीत असेल आणि चिठ्ठी नसेल, तर सागाच्या फळ्यांचा चालू दर विचारून तेवढेच पैसे मोजावेत.