ज्याची त्याची लढाई

मधल्या सुट्टीत तुम्ही काय बोलता ते शिक्षकांना ऐकू येत नाही, असे समजू नका. आमच्या नववीच्या वर्गातली दोन मुले एकदा कडाकडा भांडत होती. कारण होते 'टेरारिया' हा व्हिडिओ गेम. 2011 साली निघालेल्या या खेळात ठरलेली गोष्ट नसते. जमीन खणा, घर बांधा, हत्यारे बनवा आणि राक्षसांशी लढा. कोणी तलवार घेऊन अंगावर धावून जातो, कोणी लांबून बाण मारतो, कोणी जादू वापरतो, तर कोणी प्राणी बोलावून त्यांनाच लढायला लावतो. सुरुवातीला कोणी तुम्हाला विचारत नाही की, तू यांतला कोण? जी हत्यारे आणि जे चिलखत तुम्ही जमवाल, त्यावरून तुमची पद्धत घडत जाते.

त्यांतल्या एकाने मोठ्या भावाचे पाहून तलवार धरली होती. भाऊ खेळात फार पुढे गेलेला, त्याचे चिलखत भक्कम. आमच्या गड्याजवळ तांब्याची आखूड तलवार आणि अंगावर जवळजवळ काहीच नाही. रात्री आकाशातून झेपावणारा एक अवाढव्य डोळा त्याला दर वेळी मारून टाकी. तरी त्याचे म्हणणे एकच, "सर, समोरासमोर लढतो तोच बहादूर. लांबून बाण मारणारे डरपोक!"

मला हे मुळीच पटले नाही. मी त्याला विचारले, "मग मलिक अंबर डरपोक होता का?"

मलिक अंबर हबशी होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मुघलांच्या हाती गेला होता. मुघलांजवळ मोठी फौज, मोठा तोफखाना. अंबरजवळ काय होते? चपळ घोड्यांवरचे स्वार, त्यांत पुष्कळसे मराठे, आणि दख्खनचे डोंगर, घाट, नाले. मग त्याने लढाईही तशीच उभी केली. शत्रूची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि तो सावरायच्या आत पसार व्हायचे. याला मराठीत गनिमी कावा म्हणतात. 'गनीम' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतही त्याचा अर्थ शत्रू असाच आहे.

1616 साली रोशनगावला मात्र अंबर मुघलांशी मैदानात समोरासमोर भिडला आणि हरला. त्याने वसवलेले खडकी शहर शत्रूने उद्ध्वस्त केले. आठ वर्षांनी, 1624 साली, मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा मिळून त्याच्यावर चालून आल्या. या वेळी त्याने जागा निवडली भातवडीची, म्हणजे आपल्याच नगर तालुक्यातली. तिथल्या तलावाचे पाणी त्याने सोडून दिले. चिखलात शत्रूची जड फौज अडकली. वर रात्रीचे छापे. शत्रू पुरता खिळखिळा झाल्यावरच अंबरने शेवटचा घाव घातला आणि लढाई जिंकली. शहाजीराजे याच लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी मात्र तिथेच पडले. खेळात मेलेला गडी पुन्हा उठतो, तसे भातवडीला नव्हते.

आमचे एक सहकारी म्हणतात, "मुले नक्कल करूनच शिकतात." ते अगदी खोटे नाही. बाण कसा बनवायचा, हे भावाला विचारावेच. पण भावाची तलवार भावाच्या चिलखतामुळे चालते, हे त्याने सांगितले नसेल तर आपण पाहायला नको का? पद्धत निवडताना आधी आपली थैली पाहावी, मग शत्रूची चाल पाहावी. उडणाऱ्या शत्रूपुढे आखूड तलवार काय कामाची? आणि जागा तयार करणे हाही लढाईचाच भाग आहे. पण मुलांना तेच कंटाळवाणे वाटते.

आठवड्याभराने तो मुलगा आला. त्याने लाकडाचे धनुष्य केले होते. साध्या बाणांना मशाल जोडून अग्निबाण बनवले होते. पळायला मोकळे मिळावे म्हणून लाकडी फळ्यांचा लांबच लांब मार्ग बांधला होता आणि जखमा लवकर भराव्यात म्हणून मधे मधे शेकोट्या पेटवल्या होत्या. तरी दोनदा मेला. तिसऱ्या रात्री, उजाडायच्या थोडे आधी, डोळा पडला. उजाडले असते तर तो निघून गेला असता!

"सर, आता तलवार घेऊ?" त्याने विचारले.

"चिलखत झाले का?"

"अर्धे झाले."

मी काही बोललो नाही. जाता जाता तो दारात थांबला आणि म्हणाला, "सर, तो भातवडीचा तलाव अजून आहे?"

आहे. आता सहलीसाठी मुख्याध्यापकांची परवानगी मिळवायची आहे.